हवामाने पाच, तारे मात्र एकच

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हा मुंबईचा सहसा ३५च्या आसपास रेंगाळत असतो. तरीही नागपूरकर खिडकीतल्या कूलरवर दुपार निभावून नेतो आणि मुंबईकराला एसीवाचून झोप लागत नाही. हा लाडावलेपणाचा नव्हे, हवेतल्या ओलाव्याचा फरक आहे. विदर्भाच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांवरचे पाणी झपाट्याने उडते आणि उडताना हवेतली उष्णता शोषून घेते. दीड टनाच्या एसीला लागणाऱ्या विजेच्या जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्शात खोली निवते. त्याची किंमत पाण्याने मोजावी लागते, तीही नेमकी टंचाईच्या दिवसांत, हे खरेच. पण पाऊस स्थिरावला की हाच कूलर खोली नुसती दमट करून सोडतो. कोकणपट्टीत तर ऐन उन्हाळ्यातही त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे हवा थंड करण्याइतकाच तिच्यातला ओलावा काढणे आवश्यक असते आणि ते काम एसीच करतो.

मग एसी निवडायचा कसा? ग्राहक तारे मोजतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ज्या निर्देशांकावर हे तारे ठरतात, तो वर्षाला १६०० तासांचा वापर आणि साऱ्या देशासाठी तापमानाचे एकच वेळापत्रक गृहीत धरतो. गंमत म्हणजे इमारतींच्या राष्ट्रीय संहितेने याच देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत! भिंती आणि खिडक्यांना लागू असलेले शहाणपण यंत्राच्या लेबलपर्यंत पोहोचलेले नाही.

युरोपात हा प्रश्न थंडीमुळे पुढे आला. एसीचे चक्र उलटे फिरवले की तेच यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणते. पण बाहेर जितकी थंडी अधिक, तितकी वीज अधिक लागते. अथेन्सचा आकडा ऑस्लोत फसवा ठरणार. म्हणून २०१३ पासून तिथल्या लेबलवर युरोपचा छोटा तिरंगी नकाशा आला आणि उष्ण, मध्यम व थंड प्रदेशांसाठी वेगळे आकडे देण्याची सोय झाली.

जादा आकड्यांनी ग्राहक गोंधळेल, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. तथापि पंचतारांकित एसीची जास्तीची किंमत विजेच्या बचतीतून कधी वसूल होणार, हे तो किती तास चालतो यावरच ठरते. वर्षातून दोन महिने एसी लावणारा पुणेकर आणि आठ महिने लावणारा ठाणेकर आज दुकानात तोच आकडा वाचून पैसे मोजतात.