हृदयाचे मूळ आणि आईचा दोष

मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपली, तेव्हा कल्याण पूर्वेतल्या एक सूनबाई मागे थांबल्या. कडेवर आठ महिन्यांचे बाळ. डॉक्टरांनी हृदयाला छिद्र सांगितलेले. म्हणाल्या, "दादा, सातव्या महिन्यात ग्रहण होतं, मी विळीवर भाजी चिरली. सासूबाई म्हणतात, त्यानंच झालं. खरं का हो?"

बंधू-भगिनींनो, बाळाचे हृदय कधी आणि कशापासून बनते हे पाहिले, म्हणजे उत्तर मिळते.

शास्त्रज्ञांनी हा माग बराचसा कोंबडीच्या अंड्यात काढला. गर्भातल्या थोड्या पेशींना रंग लावायचा आणि त्या पुढे कुठे जातात ते पाहायचे. कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी रुजवली.

सुरुवातीचा गर्भ तीन थरांचा असतो, एकावर एक ठेवलेल्या चपात्यांसारखा. हृदयाचे स्नायू मधल्या थरातून येतात. डाव्या-उजव्या बाजूच्या पेशी मध्यभागी सरकतात, जुळतात आणि त्यांची एक नळी होते. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर साधारण २२ व्या दिवशी धडधडू लागते. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते! पेशींची दुसरी तुकडी मागाहून येऊन उजव्या बाजूचा खालचा कप्पा घडवते, हे २००१ मध्ये कळले. मग नळी वळते, पडदे तयार होतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्प्यांची घडण बहुतेक पुरी होते. मधला पडदा नीट जुळला नाही, तर छिद्र राहते.

मग सातव्या महिन्यातल्या विळीचा संबंध कुठे आला?

आईचा मधुमेह ताब्यात नसणे, सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, काही औषधे, गुणसूत्रांतले दोष ही काही कारणे ठाऊक आहेत. पुष्कळदा नेमके कारण सापडत नाही. पण म्हणून ते आईच्या माथी मारू नये, की गतजन्मीच्या पापावर ढकलू नये. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे.

करायचे ते हे. बाळ दूध पिताना दमते, घामाघूम होते, ओठ निळे पडतात, वजन वाढत नाही, तर अंगारा-धुपारा न करता दवाखाना गाठा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत चौकशी करा.

आणि सासूबाई, सुनेला बोल लावण्यापेक्षा तिच्याबरोबर दवाखान्यात चला. बाळाला आज त्याचीच गरज आहे.

जयभीम!