विश्लेषण : परमिट हाती असूनही परदेशात भाड्याची गाडी का मिळत नाही?

परदेशी जाणाऱ्यांत आता अमरावती-अकोल्याचे लोक कमी राहिलेले नाहीत. कुणाची मुलगी जर्मनीत शिकते, कुणाचा मुलगा टेक्सासात नोकरीला आहे, तर कुणी न्यूझीलंडचा दहा दिवसांचा बेत मोबाइलवर स्वतःच आखतो. एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचे विमानही सुरू झाले. तिकिटे निघाली, व्हिसा लागला की घरात पुढचा विषय येतो : तिकडे गाडी भाड्याने घेऊ, आपणच चालवू. ज्याच्याकडे लायसन्स नाही तो घाईघाईने ते काढतो. आरटीओत हजार रुपये भरून इंटरनॅशनल परमिटही घेतो. आणि परदेशातल्या विमानतळावर, काउंटरवरचा माणूस लायसन्स उलटून पाहतो आणि सांगतो की गाडी देता येणार नाही, तुमचे लायसन्स अजून वर्षाचे झालेले नाही.

मागे बॅगा, प्रवासाने थकलेली आई आणि पुढच्या चार हॉटेलांचे भरलेले पैसे. अशा वेळी राग येतो तो त्या कंपनीचा. ‘आपल्या सरकारने दिलेले परमिट हे मानत नाहीत म्हणजे काय?’ असा सूर असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा राग चुकीच्या पत्त्यावर जातो. एक वर्षाची अट ओबडधोबड असली तरी रास्त आहे. राग धरायचाच तर तो परमिट देताना ही गोष्ट न सांगणाऱ्या आपल्या व्यवस्थेवर धरावा.

परमिट म्हणजे नेमके काय?

गोंधळाचे मूळ इथेच आहे. आपल्याकडे याला सर्रास ‘इंटरनॅशनल लायसन्स’ म्हणतात. ते लायसन्स नाही. रस्ते वाहतुकीबाबत १९४९ साली जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील आहे. त्या करारानुसार आपल्या मूळ लायसन्सची ओळख दुसऱ्या देशाला त्याला समजेल अशा भाषेत करून देणारी ही पुस्तिका आहे. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत नसेल तर तिची किंमत शून्य. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशभर तिचा एकच नमुना ठरवला आणि परमिटची मूळ लायसन्सशी जोडणी दाखवणारा क्यूआर कोड त्यावर आला. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये अर्जावेळी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वैध व्हिसा असण्याची अटही काढून टाकली होती. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, पासपोर्ट आणि लायसन्स जोडायचे, शुल्क भरायचे, एवढेच काम उरले.

हे सोपे झाले ते चांगलेच. पण या परमिटसाठी लायसन्स किती जुने हवे, याची कोणतीही अट आपल्या नियमात नाही. महिन्याभरापूर्वी मिळालेल्या लायसन्सवरही ते मिळते. त्यामुळे माणसाला वाटते की सरकारने परदेशात गाडी चालवायला आपल्याला पात्र ठरवले. प्रत्यक्षात सरकारने फक्त एवढेच म्हटलेले असते की या व्यक्तीकडे भारताचे लायसन्स आहे. गाडी द्यायची की नाही हे गाडीचा मालक आणि त्याचा विमा उतरवणारी कंपनी ठरवते.

इंटरनेटवर डॉलर घेऊन तीन किंवा दहा वर्षांचे ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच देणारी संकेतस्थळेही आहेत. भारतीय लायसन्सवर मिळणारे परमिट एक वर्षापलीकडे जात नाही. त्यामुळे दहा वर्षांचे आश्वासन दिसले की तिथेच थांबावे.

एक वर्षच का?

भाड्याच्या गाडीचे सगळे गणित विम्यावर चालते. वीस-पंचवीस लाखांची गाडी अनोळखी माणसाच्या हाती देताना काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडे दहा मिनिटे आणि एक कार्ड असते. तुम्ही गाडी कशी चालवता हे त्याला पाहता येत नाही. तुमचे वय आणि लायसन्सची तारीख मात्र दिसते. म्हणून बहुतेक देशांत या दोनच गोष्टींवर अटी असतात. वय साधारण २१ पूर्ण हवे, काही ठिकाणी २३ किंवा २५. पंचविशीच्या आतल्यांना अनेक ठिकाणी दिवसागणिक जादा शुल्क पडते. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि मिशिगन या राज्यांत अठरा वर्षांच्यांनाही गाडी नाकारता येत नाही, पण शुल्क चांगलेच सोसावे लागते. आणि लायसन्स किमान एक वर्षाचे हवे, मोठ्या किंवा महागड्या गाडीसाठी दोन-तीन वर्षांचे. कंपनीगणिक, शहरागणिक आकडे बदलतात. म्हणून बुकिंगच्या पानावरची बारीक अक्षरातली अट वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

नवा चालक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अठरा-वीस वर्षांचा पोरगा येतो. पण मुले परदेशी गेल्यावर, हाताशी वेळ मिळाल्यावर पन्नाशीत गाडी शिकणाऱ्या शिक्षिका आणि बँकेतून निवृत्त झालेले काका आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्या बाबतीत वयाची अट आडवी येत नाही, लायसन्सच्या तारखेची येते. नातवंडांना भेटायला जाण्याआधी दोन महिने काढलेले लायसन्स तिथे उपयोगी पडत नाही.

ही अट केवळ व्यापाऱ्यांची सावधगिरी आहे असेही नाही. त्या देशांचा कायदाच नव्या चालकाला वेगळा मानतो. ब्रिटनमध्ये १९९५च्या कायद्यानुसार पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले की लायसन्स रद्द होते आणि पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागते. जर्मनीत पहिली दोन वर्षे परिवीक्षेची. फ्रान्समध्ये नव्या चालकाच्या गाडीमागे ‘ए’ अक्षराची चकती असते आणि इतरांना महामार्गावर १३०चा वेग असताना त्याला ११०चाच. जपानमध्ये पहिले वर्षभर हिरव्या-पिवळ्या पानाचे चिन्ह गाडीला लावावे लागते. ऑस्ट्रेलियात ‘पी’ पाटीची काही वर्षे काढावी लागतात. ज्या समाजाने स्वतःच्या पोरांना पहिली एक-दोन वर्षे कच्चे मानले, तो आपल्या महिनाभराच्या लायसन्सला पक्के कसे मानेल?

आपल्याकडे शिकाऊ लायसन्स असेपर्यंत लाल ‘एल’. तीस दिवसांनी परीक्षा देता येते. कायम लायसन्स हाती आले की ती पाटी निघते आणि दुसऱ्याच दिवशी धामणगाव रेल्वेजवळून समृद्धीवर चढून १२०च्या वेगाने जायला कायद्याने मोकळीक. मधली पायरीच नाही. आपण लायसन्स ‘काढतो’, जसे रेशनकार्ड काढतो. ते मिळवावे लागते असे आपली भाषाही म्हणत नाही. २०२१च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवला, तो चांगला आहे. पण गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवस रोज अर्धा तास, गाडीचा दुहेरी ब्रेक मास्तरांच्या पायाखाली, एवढ्यावर लायसन्स घेणारेच आपल्या ओळखीचे जास्त. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता चार-पाच दिवसांत तयार होतो, चालक होत नाही.

अट अन्यायाची ठरते का?

कधीकधी ठरते. वर्षभर गाडी अंगणात झाकून ठेवणारा ‘अनुभवी’ ठरतो आणि आठ महिने रोज बडनेरा-मूर्तिजापूर ये-जा करणारा नवखा. कार्डावरची तारीख अनुभव मोजत नाही, कागदाचे वय मोजते. हा दोष खराच. पण दुसरे मोजमाप आपण त्यांना देतो कुठे? कितीतरी देशांत चालकाचा अपघात आणि दंडाचा इतिहास विमा कंपनीला पाहता येतो. आपल्या चालकाचा तसा इतिहास परदेशी काउंटरवर दिसत नाही.

यापेक्षा मोठा अन्याय होतो तो जुन्या चालकांवर, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्याने लायसन्सचे नूतनीकरण केले किंवा हरवले म्हणून दुसरी प्रत घेतली की कार्डावर नवी तारीख येते. सप्टेंबर २०१९ पासूनच्या तरतुदीनुसार तिशीच्या आत काढलेले लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. म्हणजे चाळीस-एक्केचाळिसाव्या वर्षी, नेमके सहलीला जाण्याच्या वयात, कार्ड नवे होते. काउंटरवरच्या माणसाने तेवढीच तारीख पाहिली तर बाइज्जत अनुभवी चालकही कालचा ठरतो. नव्या नमुन्याच्या कार्डावर पहिल्यांदा दिल्याची तारीख वेगळी असते, ती बोट ठेवून दाखवावी. बहुतेक लायसन्स क्रमांकांतही ते वर्ष असते : एमएच २७ किंवा एमएच ३० नंतरचे चार आकडे. तरी शंका नको म्हणून सारथीवरून लायसन्सचा उतारा काढून सोबत ठेवावा. जुने हाताने लिहिलेले पुस्तक असेल तर त्याची संगणकावर नोंद झाल्याशिवाय परमिटचे काम पुढे सरकत नाही. हे काम आरटीओत आधीच उरकावे, विमानाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

नावाचाही घोळ असतो. लायसन्सवर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे, किंवा एकावर वडिलांचे नाव मधे आणि दुसऱ्यावर गायब. इथे कुणी विचारत नाही, तिथे गाडी अडते. डिजिलॉकरमधले लायसन्स आपल्या वाहतूक पोलिसाला चालते, परदेशात कार्डच लागते.

पैशाच्या बाजूनेही अनेकांचा खोळंबा होतो. गाडी घेताना अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि ते कार्ड चालकाच्याच नावाचे लागते. विद्यार्थ्याचे डेबिट कार्ड किंवा सहलीसाठी घेतलेले फॉरेक्स कार्ड अनेक ठिकाणी घेत नाहीत. वडिलांचे क्रेडिट कार्ड मुलाच्या नावाच्या बुकिंगला उपयोगी नाही.

मग नव्या चालकाने करायचे काय?

सगळ्यात घातक सल्ला नेहमी घरातूनच येतो : ‘दादाच्या नावावर गाडी घेऊ, चालवू दोघं मिळून, तिथं कोण पाहते बे?’ करारात नाव नसलेला माणूस चाकावर असताना अपघात झाला तर विम्याचे संरक्षण जाते आणि गाडीच्या नुकसानीचा, समोरच्याच्या दवाखान्याचा खर्च अंगावर येतो. तिकडच्या दवाखान्याचे बिल म्हणजे इकडचे शेत. दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालता येते, पण त्यालाही वय आणि वर्षाची तीच अट असते. मुलाची स्वतःची गाडी चालवायची असेल तर त्याने आधी आपल्या विमा कंपनीला विचारून घ्यावे.

तिथे राहायला जाणाऱ्यांचे नियम तर आणखी निराळे. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी भारतीय लायसन्स संपल्यातच जमा, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. ब्रिटनमध्ये बारा महिने मिळतात. दुबईत पर्यटक परमिटवर गाडी घेऊ शकतो, पण निवासी व्हिसा लागला की तिथलेच लायसन्स हवे.

लायसन्स वर्षाचे नसेल आणि तिकिटे निघाली असतील तर जपान, स्वित्झर्लंड, जर्मनी या देशांत रेल्वेने फिरावे, काही बिघडत नाही. न्यूझीलंड किंवा अमेरिकेच्या आडभागात गाडीविना अडचण होते. तिथे सोबतच्या जुन्या लायसन्सवाल्याच्या नावाने गाडी घ्यावी आणि चाक त्याच्याच हाती राहू द्यावे.

आरटीओकडूनही अपेक्षा फार मोठी नाही. परमिटचा अर्ज भरताना पडद्यावर मराठीत चार ओळी याव्यात : तुमचे लायसन्स एक वर्षापेक्षा कमी जुने आहे, परदेशात भाड्याची गाडी बहुधा मिळणार नाही. लायसन्सची तारीख पोर्टलकडे असतेच. हजार रुपये घेणाऱ्या कार्यालयाने एवढे सांगायला हरकत नसावी. त्यापुढचे पाऊल म्हणजे नव्या चालकाच्या गाडीवर पहिले वर्षभर ठळक पाटी आणि वेगावर मर्यादा. ‘एल’ पाटी सक्तीची करता येते, तर हीही येईल. गर्दीच्या राजकमल चौकात अशी पाटी पाहून मागच्याने हॉर्न वाजवणे थांबवले नाही, तरी द्रुतगती मार्गावर तिचा उपयोग होईल.

ज्यांच्याकडे अजून वेळ आहे त्यांनी हिशेब उलटा मांडावा. पुढच्या उन्हाळ्यात जायचे तर कायम लायसन्स या उन्हाळ्याच्या आत हवे, म्हणजे शिकाऊ त्याच्याही महिनाभर आधी. मधले वर्ष गाडी झाकून ठेवू नये. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, अकोल्याहून पातूरचा घाट, पावसात रात्रीचा मूर्तिजापूर रस्ता, असे सगळे एकदा कुणी जाणता शेजारी बसवून करावे. अमेरिका-जर्मनीत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असते. पहिली सहल असेल तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मॉरिशस हे डावीकडून चालणारे देश सोपे पडतात. युरोपात स्वस्त गाड्या बहुधा गिअरच्या असतात. ज्याने इथे फक्त ऑटोमॅटिक चालवली आहे, त्याने बुकिंग करतानाच तसे नमूद करावे आणि भाडे थोडे जास्त पडेल हे धरून चालावे.