गादीचं वजन किती?

गेल्या हिवाळ्यात भटिंड्याला असताना आईसाठी एक गादी ऑनलाइन घेतली. त्यातून जो संताप झाला तो इथे उतरवतोय. चीनची सीमा, सियाचीन, अग्निवीर असल्या विषयांवर लिही म्हणणाऱ्या मित्रांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. मात्र ज्यांची पाठ नोकरीने खाल्ली आहे त्यांनी सोडू नये. आपल्यात असे थोडे नाहीत.

आई बहात्तर वर्षांची. बाबा गेल्यापासून माझ्याबरोबर पोस्टिंग पोस्टिंग फिरते. मणक्याची झीज आहे. डॉक्टर म्हणाले, गादी फार मऊ नको, फार कडकही नको. क्वार्टरमधला सरकारी पलंग ७२ बाय ३६ इंचांचा आणि त्यावरची जुनी गादी मधोमध खोलगट झालेली. रात्री जेवण झाल्यावर मी फोन हातात घेतला. ही पहिली चूक. थकलेल्या माणसाने रात्री साडेदहाला खरेदी करू नये, हे बायकोने नंतर सुनावलं.

पानावर गादी २१,९९९ रुपयांची होती. त्यावर काट मारून ८,९९९. वर लाल अक्षरांत घड्याळ उलटं पळत होतं : सवलत संपायला २ तास १४ मिनिटं. खाली ‘ऑर्थोपेडिक’, ‘हाय डेन्सिटी’, ‘नासाने विकसित केलेलं तंत्रज्ञान’, ‘१०० रात्रींची ट्रायल’. एक सुंदर बाई पहाटेच्या उन्हात हात ताणून उठत होती. मी पैसे भरले. दुसऱ्या रात्री सहज पान उघडलं तर घड्याळ पुन्हा २ तास १४ मिनिटांवरून पळायला लागलेलं. तिसऱ्या रात्रीही तेच.

एरवी मी इतका भाबडा नाही. पल्टणीत सामान घ्यायचं तर नमुना पाहिला जातो, मापं घेतली जातात, वजन होतं आणि अधिकाऱ्यांचा बोर्ड बसून सही करतो. साधी घोंगडी घ्यायची तरी तिचं वजन कागदावर असतं. त्या बोर्डांवर मी स्वतः बसलोय, ठेकेदारांशी भांडलोय. आणि स्वतःच्या आईची गादी घेताना मात्र त्या बाईचा हसरा चेहरा पाहून सही केली.

चौथ्या दिवशी खोकं आलं. गादी दाबून, हवा काढून, चटईसारखी गुंडाळलेली. आई म्हणाली, “काहून रे, गादी अशी डब्यात येते का?” प्लास्टिक कापलं, गादी फुगली. छान दिसत होती. महिनाभरात कमरेच्या जागी ती बसली. आई रात्री उठून जमिनीवर सतरंजी टाकून झोपायला लागली आणि मला कळू नये म्हणून पहाटे ती घडी करून ठेवायची. मला हे कळलं ते पहाटे लवकर पी.टी.ला निघालो त्या दिवशी.

आता शंभर रात्रींच्या ट्रायलबद्दल. पहिल्या ३० रात्री परतीचा अर्ज करता येत नाही, ‘शरीराला सवय व्हावी’ म्हणून. ३१व्या दिवशी केला. फोटो मागितले. फोटोत गादीवर एक पिवळट डाग होता. तो महानारायण तेलाचा. पाठ दुखते म्हणून लावलेल्या तेलाचा. डाग असल्यामुळे ट्रायल रद्द, असं उत्तर आलं. पाठदुखीवर विकलेली गादी पाठीला तेल लावणाऱ्या म्हातारीने डाग न पाडता ३० रात्री वापरायची, ही अट खरेदीच्या पानावर मोठ्या अक्षरांत कुठेच नव्हती. ती होती एका दुव्याच्या आतल्या दुव्यात. मी फोन केला. पलीकडच्या मुलीचा दोष नव्हता, ती समोरचं वाचून दाखवत होती. मी एकच प्रश्न विचारला : या फोमची डेन्सिटी किती? ती म्हणाली, “सर, ऑर्थोपेडिक ग्रेड आहे.” मी म्हटलं, आकडा सांगा. ती म्हणाली, “सर, हाय आहे.”

माझं भांडण खरं या ‘हाय’शी आहे.

फोमची घनता ही काही गूढ गोष्ट नाही. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढाच तो आकडा. कुठल्याही गावातल्या फोमच्या दुकानात जा, दुकानदार स्वतःच विचारतो, “३२ची देऊ का ४०ची?” घनता म्हणजे कडकपणा नव्हे, हलका फोमही कडक करता येतो. पण फोम किती दिवस टिकेल, किती लवकर बसेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. कारखान्यात हा आकडा माहीत असल्याशिवाय फोम बनतच नाही. म्हणजे विकणाऱ्याला तो ठाऊक आहे. पानावर पहाटेच्या उन्हाला जागा आहे, त्या दोन अंकांना नाही.

तेव्हा मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. गादी खांद्यावर टाकून राशन स्टोअरमध्ये नेली आणि जिथे पीठ-बटाटे तोलतात त्या काट्यावर ठेवली. स्टोअरमधला जवान काही बोलला नाही, पण त्या दिवशी लंगरमध्ये काय चर्चा झाली असेल याची मला कल्पना आहे. काटा थांबला साडेसहा किलोवर. आता हिशेब करा. ७२ बाय ३६ बाय ६ इंच म्हणजे ०.२५५ घनमीटर. ४०च्या फोमची गादी १० किलोच्या वर भरली पाहिजे. ३२च्या फोमची ८ किलोच्या वर. आमची खोळीसकट साडेसहा. खोळीचा एक किलो वजा केला तर २२च्या आसपास. वरचा थर ‘मेमरी फोम’चा असल्याचा दावा होता. पण मेमरी फोम तर साध्या फोमपेक्षा जड असतो, मग वजन वाढायला हवं होतं. ते कुठे गेलं?

नासाचंही सांगून टाकतो. १९६६ साली नासाच्या कामातून हा फोम निघाला ही गोष्ट खरी आहे. तो विमानातल्या आसनांसाठी होता, अपघातात वैमानिकाला आणि प्रवाशांना धक्का कमी बसावा म्हणून. तुमच्या माझ्या मणक्याचं त्यातून काय भलं होतं, हा वेगळा प्रश्न. आणि ‘ऑर्थोपेडिक’? कोणत्या डॉक्टरने, किती रुग्णांवर, किती दिवस ही गादी तपासली, याचा एक शब्द त्या पानावर नव्हता.

अशी तपासणी करता येत नाही असंही नाही. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. कोणाला कुठली मिळाली हे त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. हे वाचून माझीच जिरली, कारण मी जन्मभर फळीचा पुरस्कर्ता. खडकवासल्याला पहिल्या सहामाहीत गादी होती ती इन्स्पेक्शनसाठी. चादरीची घडी मोडू नये म्हणून आम्ही खाली फरशीवर झोपायचो. पुढे होल्डॉल, तंबूतली खाट, बर्फातली स्लीपिंग बॅग. ‘फौजी कुठेही झोपतो’ ही बढाई मी अनेक लग्नांत मारली आहे. पाठीला कडक बिछानाच चांगला, असं मी कितीतरी जवानांना छातीठोकपणे सांगितलं. ते चुकीचं होतं. माझ्याही अज्ञानाची जाहिरात चालूच होती, फक्त मी त्याचे पैसे घेतले नाहीत.

“तुम्ही शिकलेले, इंग्रजी येणारे, तुम्हाला पान वाचता आलं नाही?” असं कोणी म्हणेल. म्हणावंच. पण मग एका सुभेदार साहेबांची गोष्ट ऐका. माझ्या पहिल्या पल्टणीतले, सातारा जिल्ह्यातले, आता निवृत्त. उंचावर ओझी वाहून त्यांची कंबर गेली. मुलाने फोनवर जाहिरात दाखवली आणि त्यांनी ३२ हजारांची गादी हप्त्यांवर घेतली. दर महिन्याला पेन्शनमधून हप्ता जातो आणि साहेब जमिनीवर घोंगडी टाकून झोपतात. मला हे सांगताना त्यांना लाज वाटत होती. मी विचारलं, परत का नाही केली? म्हणाले, “साहेब, त्या पेटीत ती परत बसंना.” त्यांचा समज असा झाला होता की मूळ खोक्यात गुंडाळूनच परत द्यावी लागते. कारखान्यात यंत्राने दाबलेली गादी घरात दोन माणसांनी बसून दाबली तरी तशी गुंडाळली जात नाही. नीट सांगणारं कोणी नव्हतं आणि ट्रायलची मुदत निघून गेली.

हा धंदा बरोबर अशाच माणसांवर चालतो : पाठ दुखतेय, दुकान लांब आहे आणि परत करणं जमणार नाही. फौजीच्या बाबतीत तर हे सगळं एकत्र येतं. फील्डमधला पत्ता टाका, ९ने सुरू होणारा पिन कोड बहुतेक ठिकाणी घेतलाच जात नाही. म्हणून मुलं गावच्या पत्त्यावर मागवतात, आई-वडिलांसाठी, आणि स्वतः गादी पाहतात ती थेट सुट्टीत. तोपर्यंत ट्रायल कधीच संपलेली. पीस स्टेशनला असलो तरी ट्रायलच्या मध्येच बदलीचा हुकूम येतो आणि नवं ठिकाण ‘सेवाक्षेत्राच्या बाहेर’ निघतं.

कायदा अगदी झोपलेला नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवणुकीच्या १३ क्लृप्त्यांची यादी काढली आहे. खोटी घाई लावणं, म्हणजे ते उलटं पळणारं घड्याळ, त्यात आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठलीही असो. बदल्या होणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. मी आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला. आठवड्याने कंपनीकडून मला १,५०० रुपयांचं कूपन आलं, पुढच्या गादीवर वापरायला!

आईचं काय केलं? धोबी बाजारात कापसाच्या गाद्या भरणारा एक म्हातारा सरदारजी सापडला. भटिंडा म्हणजे कापसाचा पट्टा. थंडीत तिथे रजया भरायला रांगा लागतात. त्याने पहिला प्रश्न विचारला, “कितने किलो की?” मी चमकलो. लहानपणी अकोल्याला आमच्या अंगणात पिंजारी यायचा, त्याच्या कमानीच्या तारेचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. तोही आजीला हेच विचारायचा. आजी समोर बसून कापूस तोलून द्यायची आणि गादी भरल्यावर ती पुन्हा तोलून घ्यायची, कारण तिचा त्याच्यावर अजिबात विश्वास नव्हता. सरदारजीने यंत्रात कापूस पिंजला, दहा किलो भरला, काटा माझ्याकडे वळवला.

कापसाच्या गादीचे गोडवे मी गाणार नाही. ती जड असते, वर्षा-दोन वर्षांत गोळे होतात, पुन्हा पिंजून घ्यावी लागते आणि पिंजताना उडणारी धूळ छातीला वाईट. बदलीच्या ट्रकात ती चढवताना माझी स्वतःची कंबर धरली. चांगल्या फोमची गादी तिच्यापेक्षा बरी असू शकते, हे मी मान्य करतो. सांगा आकडा, लिहा वजन, घ्या पैसे. ४०ची असेल तर मी ४०चे पैसे देईन. दोन अंक छापायला काही खर्च येत नाही, म्हणून ते न छापण्यामागे हेतू आहे असंच मी धरतो.

तक्रार मी दाखल केली आहे. राशन स्टोअरच्या काट्यावरचा फोटो जोडलाय.

सुभेदार साहेबांनाही सांगितलं, गादी तोला. परवा रात्री त्यांचा फोन आला. गावातल्या भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांनी आणि मुलाने ती नेली. ७२ बाय ६० बाय ८ची गादी, पावतीवर छापलंय ४० डेन्सिटी. म्हणजे साडेबावीस किलो तरी हवी. “किती भरली, साहेब?” मी विचारलं.

“चौदा किलो दोनशे. भंगारवाला म्हनला, घ्यायची असंल तर किलोवर घेतो.”

मी म्हटलं, अजिबात देऊ नका, पुरावा आहे तो. पावतीचा फोटो पाठवा, अर्ज मी लिहून देतो.

“फोटू धाडतो. अर्ज मराठीतच लिवा, साहेब,” ते म्हणाले, “म्हंजी मला वाचून सही करता येईल.”