दोन लाखांची गाडी आणि अडीचशेचं डोकं

आमच्या ऑफिसात फ्रेशर्सची नवी बॅच आली की पार्किंगमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. पहिला पगार घरी, दुसरा पगार मित्रांना पार्टी, आणि तिसऱ्या पगाराला साडेतीनशे सीसीची नवीकोरी गाडी. हँडलला झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची, आणि टाकीवर ठेवलेलं हेल्मेट... रस्त्याच्या कडेला दोरीवर लटकत असतात ना, त्यातलं. अडीचशे रुपये, घासाघीस केली तर दोनशे. म्हणजे गाडी दोन लाखांच्या वरची आणि डोकं अडीचशेचं. हा हिशोब मला काही केल्या जमत नाही, म्हणून या शनिवारचा विषय हाच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्याच घालायच्यात त्यांचा वेळ वाचेल. रोज ऑफिसला जायला पहिली बाइक घेणार असाल तर शंभर-सव्वाशे सीसीची घ्या. फारच झालं तर दीडशे-एकशेसाठ. आणि वाचलेल्या पैशातले दहा-बारा हजार हेल्मेट, ग्लोव्हज आणि जॅकेटवर घाला. बस्स.

हे आमच्या टीममधल्या एका पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, पण शंभर सीसी म्हणजे डिलिव्हरीवाल्यासारखं वाटतं ना."

आली का पंचाईत! म्हणजे प्रश्न इंजिनाचा नाहीच, जातीचा आहे. अरे बाबा, जो माणूस दिवसाचे बारा-बारा तास गाडीवर असतो, ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याने निवडलेली गाडी वाईट कशी असेल? त्याला मायलेज कळतं, क्लच प्लेट कितीला पडते ते कळतं, ट्रॅफिकमधून गाडी कशी काढायची ते तुझ्या-माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाडीवर या देशातला नोकरदार माणूस १९८५ पासून ऑफिसला जातोय. हिरो होंडाची सीडी १०० आली ते साल. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि ती अजून विकली जाते. तिला नावं ठेवायची ती कशाच्या जोरावर?

आता जरा आकडे. (सवय, दुसरं काय.) स्प्लेंडरचं वजन ११२ किलो. क्लासिक ३५० चं १९५ किलो. फरक ८३ किलो, म्हणजे एक अख्खा भरभक्कम माणूस. हा माणूस तुम्ही रोज मागे बसवून नेणार, आणि सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन ॲक्टिव्हांच्या मधून त्याला ओढून बाहेरही काढणार. भूमकर चौकात सकाळी नऊ वाजता पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहिलात की डावा तळवा दुखायला लागतो. तिथे पॉवर किती आणि टॉर्क किती याचा उपयोग शून्य. चौकातल्या वाळूवर, पावसातल्या ऑइलवर गाडी जरा कलली तर ११२ किलो एका पायावर सावरता येतात. १९५ किलो नवशिक्याला नाही सावरत. पाय आत अडकतो तो असाच.

"जड गाडी हायवेवर स्टेबल असते." मान्य! एकदम मान्य. तुम्ही हायवेवर किती दिवस असता? वर्षातले तीनशे दिवस कर्वेनगर ते हिंजवडी, आणि चार दिवस महाबळेश्वर. "मला लडाखला जायचंय." जा ना. लेहमध्ये बुलेट भाड्याने मिळते. आठ दिवसांच्या लडाखसाठी पाच वर्षं वाकडच्या पुलाखाली हत्ती पाळायची गरज नाही.

आणि यात आपल्या लायसन्सची गंमत अशी की गिअरच्या गाडीचं लायसन्स एकच. आरटीओच्या मैदानात मित्राच्या शंभर सीसीवर आठचा आकडा काढा, पाय न टेकवता फिरून या, झालं. त्याच कागदावर उद्या हजार सीसी चालवा, कोणी विचारणार नाही. युरोपात पायऱ्या आहेत. आधी ए-वन, म्हणजे १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत. मग ए-टू, ३५ किलोवॉटपर्यंत. त्यानंतर मोकळीक. तिथल्या पोरांना हौस नसते असं नाही, पण शिकणं पायरीपायरीने होतं हे तिथल्या सरकारला कळलंय. आपल्याकडे ही पायरी कोणी घालून देत नाही, तर निदान आपण आपली घालून घ्यावी.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. झालं! ऑफिसात जो तो कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला. "दादा, साडेतीनशे स्वस्त झाली." अरे, मग शंभर सीसीचीपण झाली ना, तेवढ्याच टक्क्यांनी! स्वस्त झालेली महाग वस्तू ही महागच असते. एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज, तीन वर्षं, साडेदहा टक्के. हप्ता बसतो महिन्याला पाच हजार आठशेच्या आसपास. फ्रेशरच्या हातात येतात पंचवीस-सव्वीस हजार, त्यातून पीजीचं भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे. मग ग्लोव्हजचे हजार रुपये जड वाटतात आणि टायर गुळगुळीत झाले तरी "पुढच्या महिन्यात बघू" होतं. माझा खरा राग इथे आहे. मोठी गाडी घेतली याचा नाही. ती घेतल्यामुळे बाकी सगळ्याला कात्री लागते, आणि ती कात्री नेमकी डोक्यावरच्या वस्तूला आधी लागते, याचा.

बरं, गाडी घेताना हेल्मेट द्यायची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर टाकलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये स्पष्ट लिहिलंय, बीआयएसच्या मानकाचं हेल्मेट विक्रीच्या वेळी द्यायचं. मी माझ्या वेळी शोरूमात हे विचारलं तर समोरच्या साहेबांनी "असं काही नसतं" म्हणून सीट कव्हर आणि लेग गार्डचं कोटेशन पुढे सरकवलं. सीट कव्हर!

आता पुणेकरांचा लाडका विषय. जानेवारी २०१९ मध्ये इथे हेल्मेटसक्ती जोरात सुरू झाली तेव्हा विरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली होती. मुद्दे तेच, जे आजही कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतात. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि सगळ्यात आवडता: "गावात वीसच्या स्पीडने तर चालवतो, हेल्मेट कशाला?"

हा वीसचा मुद्दा घेऊ, कारण बाकीच्यांत दम नाही. अकरावीचं फिजिक्स आठवा. डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. गाडी जागच्या जागी उभी आहे, वेग शून्य, आणि तुम्ही नुसते बाजूला पडलात. दोन गुणिले ९.८ गुणिले १.५, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला ५.४ मीटर. ताशी साडेएकोणीस किलोमीटर! म्हणजे थांबलेल्या गाडीवरूनसुद्धा तुमचं डोकं फुटपाथच्या कडेवर ताशी वीसच्या आसपास वेगाने आपटू शकतं. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. "गावातल्या गावात" हा शब्द गुरुत्वाकर्षणाला माहीत नाही.

परिवहन मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५०,०२९, आणि त्यात मागे बसलेले १४,३३७. आता यातले सगळे हेल्मेट असतं तर वाचले असते असं कोणी म्हणत नाही. पण अनेक देशांतल्या अभ्यासांचा २००८ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, कोक्रेनचा, त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. आपण ऑफिसात दोन टक्के परफॉर्मन्स वाढवायला रात्र-रात्र जागतो हो. इथे ४२ मिळतायत आणि आपण केस गळण्याबद्दल बोलतोय.

आणि ते अडीचशेवालं पातेलं हेल्मेटच्या हिशोबात धरू नका. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. तरी दोरीवर लटकतातच. स्टिकर काय, छापता येतो. आतला थर्माकोल (खरं म्हणजे ईपीएस फोम) बोटाने दाबून बघा, पट्टा ओढून बघा, आणि मुख्य म्हणजे पट्टा लावा. कोपरावर हेल्मेट अडकवून चालवणाऱ्या मंडळींना मी एकच विचारतो, कोपरात मेंदू असतो का?

दुसरा दुष्टावा आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचा, प्रेमापोटी केलेला. "पुढचा ब्रेक दाबू नको रे, पलटी खाशील." प्रत्येक काकाने प्रत्येक पुतण्याला दिलेला सल्ला. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, पकड पुढच्या चाकावर येते. म्हणजे थांबवायचं काम मुख्यतः पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबलात तर चाक जाम होऊन गाडी फरफटत जाते आणि शेपूट हलवते. काकांची भीती खोटी नव्हती. वाळूवर किंवा वळणात पुढचा ब्रेक झटक्याने दाबला तर पडतोच माणूस. पण औषध ब्रेक सोडून देणं नाही, हळूहळू दाबायला शिकणं आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, आणि सीसी वाढवायला हा एकच मुद्दा मला मनापासून पटतो. एबीएस हवं म्हणून कोणी एकशेसाठची, एकशे चाळीस-पंचेचाळीस किलोची गाडी घेत असेल तर माझा काहीएक आक्षेप नाही.

थंडीचं बोलायचं राहिलंच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहा डिग्री म्हणजे काही सियाचीन नाही, हे मलाही कळतं. पण दहा डिग्रीत साठच्या वेगाने गेलात की वारा धरून ते पाच डिग्रीसारखं लागतं, आणि सगळ्यात आधी बधिर होतात ती बोटं. ब्रेक आणि क्लच कुठे असतात? बोटांखाली. साठच्या वेगाला गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटर जाते. बधिर बोटांना लिव्हर दाबायला तेवढा अर्धा सेकंद जास्त लागला की समोरच्या पीएमपीचं मागचं बंपर आलंच म्हणून समजा. तेव्हा ग्लोव्हज ही फॅशन नाही, तो ब्रेकचाच भाग आहे. जॅकेटला पैसे नसतील तर रेनकोटचा वरचा भाग स्वेटरवर घाला, वारा अडतो. दिसायला ध्यान दिसाल, पण ऊब येते. माकडटोपी मात्र हेल्मेटच्या आत घालू नका, जाड लोकरीने हेल्मेट नीट बसत नाही. बीएस-सिक्सनंतर गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलंय, चोक ओढून पाच मिनिटं गुरगुरत ठेवायचे दिवस गेले. सुरू करा, पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश घ्या. हवा मात्र बघा, गारठ्यात टायरचं प्रेशर दोन-तीन पीएसआयने उतरतं. आणि थंडीत शिरूर, बारामती, साताऱ्याकडे रात्री जात असाल तर हंगाम सुरू असतो हे लक्षात ठेवा. उसाने लादलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. तुमच्या हेडलाइटमध्ये ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. बैलगाडी तर त्याहून उशिरा दिसते.

मागे बसणाऱ्यांचंही एक हेल्मेट असतं, तेही कायद्याने, चार वर्षांच्या वरच्या सगळ्यांना. वरचे १४,३३७ परत वाचा.

उद्या रविवार आहे. सकाळी सातला आयटी पार्कातले आतले रस्ते अगदी रिकामे असतात. नवी गाडी घेतलेल्यांनी अर्धा तास काढा. वीसच्या वेगाने या, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाबत न्या, किती अंतरात थांबता ते बघा. मग तीसने. मग चाळीसने. चाळीसला लागलेलं अंतर वीसच्या दुप्पट नसेल, चौपटीच्या आसपास असेल. पावलांनी मोजा हवं तर. आणि ग्लोव्हज घालून या, सातला गारठा असतो.