कमिट संदेशातले ‘का’

संगणकाच्या आज्ञावलीत बदल करणारा प्रत्येक जण त्या बदलासोबत एक लहानसा मजकूर लिहितो. त्याला ‘कमिट संदेश’ म्हणतात. शेकडो माणसे एकाच आज्ञावलीवर काम करीत असतील, तर अशा हजारो संदेशांमधून तिचा इतिहास तयार होतो. हे संदेश कसे लिहावेत याचे संकेत गेल्या काही दशकांत बरेच स्थिरावले आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांकडे अभियंत्यांची अंतर्गत बाब म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. लेखनविषयक एक मूलभूत प्रश्न येथे रोजच्या व्यवहारात सोडवला जात आहे आणि पुष्कळदा चुकीचाही सोडवला जात आहे.

लिनक्स कर्नलचे उदाहरण घेऊ. त्याचा जनक लायनस टोर्व्हाल्ड्स याने 2005 साली ‘गिट’ ही प्रणाली निर्माण केली. आज बहुतेक सामूहिक प्रकल्प तीच वापरतात. कर्नलमधील संदेशाची रचना ठरलेली आहे. पहिल्या ओळीत आज्ञावलीच्या कोणत्या भागात बदल झाला त्याचे नाव आणि बदलाचे सार. मग एक कोरी ओळ. त्यानंतर सविस्तर निवेदन, आणि शेवटी साक्षीदारांच्या सह्यांसारख्या ओळी : दोष कोणी कळवला, तपासणी कोणी केली, चाचणी कोणी घेतली. निवेदनाची सुरुवात मूळ अडचणीपासून व्हावी आणि बदलाचे वर्णन आज्ञार्थात असावे, अशी अपेक्षा असते. ‘मी हे दुरुस्त केले’ असे न लिहिता जणू आज्ञावलीलाच ‘हे दुरुस्त कर’ असे सांगायचे. मराठीत हा आज्ञार्थ थोडा उद्धट वाटेल. आपल्या कार्यालयीन टिपणांतले ‘दुरुस्त करणे’ हे रूप त्याला अधिक जवळचे आहे. पण हेतू एकच : लेखकाने बाजूला व्हावे, कृती पुढे यावी.

यांतील ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ तर कायद्याच्या वादातून आली. 2003 साली एससीओ या कंपनीने लिनक्समधील मजकुराच्या मालकीवरून आयबीएमविरुद्ध दावा लावला. त्यानंतर 2004 पासून, हा मजकूर प्रकल्पाला देण्याचा मला अधिकार आहे, असे लेखक या ओळीने प्रमाणित करू लागला. ‘फिक्सेस’ ही ओळ आपल्या संशोधनातील संदर्भटीपेसारखी. ज्या जुन्या कमिटमुळे दोष शिरला त्याच्या ओळखक्रमांकाची किमान पहिली 12 अक्षरे आणि त्याचे शीर्षक तीत द्यायचे. कोणत्या जुन्या आवृत्त्यांना ही दुरुस्ती पोहोचवायची, हे त्यावरून ठरवता येते.

आता आमचा मुख्य मुद्दा. पहिली ओळ 50 अक्षरांत बसवावी, पुढच्या ओळी 72 अक्षरांवर तोडाव्यात, शीर्षकाच्या शेवटी पूर्णविराम देऊ नये, असे बाह्य नियम सर्वत्र सांगितले जातात. ते उपयुक्त आहेत. पण ते छंदाच्या मात्रांसारखे आहेत. मात्रा जुळल्या म्हणजे कविता झाली असे नव्हे. अलीकडे ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ या पद्धतीत प्रत्येक संदेशाच्या आरंभी ‘फीट’ किंवा ‘फिक्स’ असे वर्गदर्शक शब्द घालतात. त्यांच्या आधारे आवृत्तीचा क्रमांक आणि बदलांची यादी यंत्राला आपोआप तयार करता येते. सोय मोठी आहे. परंतु ‘फिक्स : किरकोळ दोष दुरुस्त’ हा संदेश नियमाला पूर्ण उतरूनही वाचकाला काहीच सांगत नाही.

एखाद्याने प्रतीक्षेची मर्यादा 5 सेकंदांवरून 30 सेकंदांवर नेली, असे समजा. ‘मर्यादा वाढवली’ हे सांगण्याची गरजच नाही. जुनी आणि नवी ओळ गिट शेजारी शेजारी दाखवते. 30च का, 10 का नाही, मर्यादा अजिबात काढून का टाकली नाही, हे मात्र कोणत्याही ओळीत दिसत नाही. ते फक्त लेखकाला ठाऊक असते, आणि काही महिन्यांनी त्यालाही नसते. संदेशाचे खरे काम हे ‘का’ जपण्याचे आहे.

कोडमधील टीपा हे काम करीत नाहीत का, असा आक्षेप घेतला जातो. अंशतः करतात. पण टीप आहे त्या स्थितीचे वर्णन करते. एका स्थितीतून दुसरीकडे का गेलो आणि कोणते पर्याय नाकारले, हे सांगण्याची जागा संदेशातच आहे. शिवाय कोड बदलत जातो आणि टीप मागे राहून खोटी ठरते. संदेश त्याच बदलाशी कायमचा बांधलेला असतो. गिटमध्ये कमिटचा ओळखक्रमांक संदेशाच्या मजकुरासह काढला जातो. संदेशातले एक अक्षर बदलले तरी तो क्रमांक आणि त्यापुढच्या साऱ्या कमिटांचे क्रमांक बदलतात. म्हणून एकदा सर्वांपर्यंत पोहोचलेल्या संदेशाला सहसा शुद्धिपत्र नसते.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते कार्य झाल्याचे आपण जाणतो. पण ओवीओवीतील कोणता पाठ त्यांनी कोणत्या कारणाने स्वीकारला वा टाकला, याची नोंद आपल्यापाशी नाही. ती असती तर पुढच्या कित्येक वादांना निराळे वळण लागले असते. त्या काळी साधने नव्हती; आज ती आहेत आणि नोंदीची जागाही राखून ठेवलेली आहे. तरीही ती ‘बदल केले’ एवढ्या शब्दांनी भरली जाते, हे खेदजनक आहे.

आता यंत्रेच बदल पाहून संदेश लिहून देतात, तेव्हा ही चिंता वाढते. केवळ बदललेल्या ओळी पाहणारे यंत्र त्या ओळींचाच निर्दोष सारांश देणार : आज्ञार्थ बिनचूक, अक्षरसंख्या काटेकोर, आणि ‘का’ची जागा रिकामी किंवा अंदाजाने भरलेली. अंदाजाने भरलेली जागा रिकाम्या जागेहून वाईट, कारण पुढचा वाचक तिच्यावर विसंबतो.

व्यावहारिक मराठीच्या वर्गात आपण अर्ज, इतिवृत्त, सारांशलेखन शिकवतो. त्यांच्या शेजारी हा लेखनप्रकारही ठेवावा, अशी आमची सूचना आहे. आपले अनेक विद्यार्थी पुढे संगणकाच्या क्षेत्रात जातात. समोर नसलेल्या, काही वर्षांनी येणाऱ्या, कदाचित त्रस्त असलेल्या वाचकासाठी चार ओळींत कारण नोंदवणे, हे कौशल्य त्यांना तेथे रोज लागेल. आणि ते शिकवणे हे भाषेच्या अध्यापकाचेच काम आहे.