पहिल्या तासाची साक्ष

संगणकीय खेळांविषयी आपल्याकडे जे थोडेफार समीक्षात्मक बोलले जाते, त्यामागे एक सोयीचे गृहीतक असते. खेळाचे कथानक कळले आणि त्यातील चित्रे पाहिली की खेळ वाचून झाला, असे ते गृहीतक. एका चर्चासत्रात ‘डायब्लो २’ (२०००) या खेळातील सॉर्सरेस या पात्रवर्गावरचा निबंध ऐकताना ही सोय किती महागात पडते, याचा प्रत्यय आला. निबंधात पुरुषी नजर होती, चिन्हव्यवस्था होती, ‘चेटकीण’ या प्रतिमेची परंपराही होती. सॉर्सरेस मात्र कोठेच नव्हती. निबंधकाराने खेळ खेळला आहे काय, या प्रश्नावर ‘सैद्धांतिक दृष्ट्या त्याची आवश्यकता नाही’ असे उत्तर मिळाले. एका विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या तासाच्या अनुभवाविषयी बोलू पाहिले, तेव्हा ‘ही आस्वादाची पातळी झाली, समीक्षेची नव्हे’ असे सांगून त्याला खाली बसवण्यात आले. प्रस्तुत लेख त्या विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिलेला आहे.

त्या पहिल्या तासात काय घडते? खेळाडूने निवडलेली जादूगारीण हाती आखूड काठी घेऊन छावणीबाहेरच्या माळावर येते. तिचे जीवनमान ४०, आणि जादू करण्यास लागणारी शक्ती, म्हणजे मॅना, ३५. बार्बेरियन या योद्ध्याचे जीवनमान आरंभी ५५ असते. तिला एकच मंत्र अवगत आहे: आगीचा गोळा फेकण्याचा. तो फेकावा तसा मॅना आटतो, आणि भरून येतो तो सावकाश. त्यामुळे ती जवळ येणाऱ्या शत्रूपासून मागे सरते, थांबते, फेकते, पुन्हा मागे सरते. पुढे एका गुहेत तिला ‘फॉलन’ नावाच्या क्षुद्र दैत्यांचे टोळके भेटते. ती त्यांना मारते, आणि त्यांच्यामागे उभा असलेला शामन त्यांना पुन्हा उठवतो. मॅना संपतो; शत्रू संपत नाहीत. आधी शामनाला गाठले पाहिजे, हे तिला, म्हणजेच खेळाडूला, कोणी सांगत नाही. ते हरता हरता कळते. दुसऱ्या पातळीवर पोचताच कौशल्याचा एक गुण हाती येतो. तो नव्या मंत्रावर खर्चावा, की मॅना लवकर भरून आणणाऱ्या ‘वॉर्म्थ’वर? शस्त्र हवे की श्वास, असा हा प्रश्न आहे, आणि तो कथानकाने नव्हे, गणिताने विचारलेला आहे.

या अनुभवाला ‘आस्वाद’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतलेली नाही. खेळाडूगणिक कौशल्य बदलेल, घाबरण्याची रीत बदलेल. ४० आणि ३५ हे आकडे बदलत नाहीत. कवितेचा छंद जसा वाचकाच्या मनःस्थितीवर अवलंबून नसतो, तसाच सॉर्सरेसचा दुबळेपणाही नसतो. तो कलाकृतीच्या घाटाचा भाग आहे, आणि त्या घाटाचा प्रत्यय सर्वप्रथम येतो तो पहिल्या तासात. पहिली छाप हा निवाडा नव्हे, हे मान्य. परंतु ती साक्ष आहे, आणि साक्ष न घेता निवाडा देण्याची मुभा समीक्षकाला कोणी दिली?

चर्चासत्रातील स्त्रीवादी मांडणीचेच उदाहरण घेऊ. तिचा मुद्दा गैर नाही. तो अपुरा आहे. चित्रातली नाजूक स्त्री पाहून ‘स्त्री म्हणजे दुर्बल’ हे समीकरण तिने मांडले. आता नियम पाहावेत. मूळच्या पाच पात्रवर्गांत आरंभीचे शारीरिक बळ असे आहे: बार्बेरियन ३०, पॅलाडिन २५, अ‍ॅमेझॉन २०, नेक्रोमॅन्सर १५, सॉर्सरेस १०. सर्वांत दुबळी स्त्रीच आहे, हे खरे. परंतु अ‍ॅमेझॉनही स्त्री आहे, आणि ती प्रेतविद्या जाणणाऱ्या नेक्रोमॅन्सर या पुरुषापेक्षा बलवान आहे. १९९६ च्या पहिल्या ‘डायब्लो’त जादूगार पुरुष होता. तेथे योद्ध्याचे बळ ३०, रोग या स्त्रीपात्राचे २० आणि जादूगाराचे १५. म्हणजे येथील दुर्बलता प्रथमतः लिंगाची नसून विद्येची आहे. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातच मंत्रविद्या जाणणाऱ्या पात्रवर्गाला चिलखत वर्ज्य होते. विद्या आणि देहबळ ही एकमेकांच्या किमतीवरच मिळतात, हा या परंपरेचा खरा वैचारिक आशय आहे. त्यावर स्त्रीवादी समीक्षेने अवश्य प्रहार करावा. विद्येच्या वाट्याला आलेला हा दुबळेपणा २००० साली स्त्रीदेहात आणखी का खोल गेला, असे विचारावे. परंतु हा प्रश्न केवळ चित्र पाहणाऱ्याला सुचणारच नाही. ‘चेटकीण’ हा शब्दही येथे दिशाभूल करतो. त्यामागे समाजाने बाईवर घेतलेला आळ आहे. सॉर्सरेसमागे स्त्रियांचा एक विद्यासंप्रदाय आहे.

रससिद्धान्ताचा आधार घेणाऱ्यांनाही हा तास अडचणीत टाकतो. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे अभिनवगुप्तांनी रसविघ्नांमध्ये गणले आहे. येथे मात्र पळण्यासाठी हललेला हात हीच कलाकृतीची पुढची ओळ असते. भयाचा आस्वाद आणि भयाने केलेली कृती यांना वेगळे करता येत नाही. तेव्हा भयानक रसाचे लेबल लावून मोकळे होण्याऐवजी, आपली परिभाषा येथे कोठे थकते हे पाहणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो सिद्धान्तवाद्यांचा नसून मुरलेल्या खेळाडूंचा आहे. ते म्हणतील, पहिला तास खोटा आहे; अठराव्या पातळीवर सॉर्सरेसला ‘टेलिपोर्ट’ मिळतो, मग ती क्षणात कोठेही पोचते, आणि दुबळेपणाचे नावही उरत नाही. परंतु त्या क्षणाचा आनंद कोठून येतो? जिने अंतर राखून जीव वाचवला, तिच्या हाती अंतर मिटवण्याची विद्या येते. हा अर्थ पहिल्या तासाच्या भांडवलावर उभा आहे. रचनाकारांनाही हे उमगले असावे. पूर्वी आरंभीच्या मंत्रांवर खर्चलेले गुण पुढे वाया जात, म्हणून जाणते खेळाडू ते साठवून ठेवत. २००३ च्या सुधारित आवृत्तीने आरंभीच्या मंत्रांवरील गुणांचे बळ पुढच्या मंत्रांना मिळू दिले. पहिल्या चुकांना मागाहून अर्थ प्राप्त झाला. २०१० मध्ये खर्चलेले गुण परत घेण्याची सोय आली, आणि २०१२ च्या ‘डायब्लो ३’मध्ये तर कौशल्ये हवी तेव्हा बदलता येऊ लागली. ही उदारता खेळाडूंना सुखावह वाटली, यात नवल नाही. परंतु निवड मागे घेता येऊ लागली, तेव्हा निवडीचे नैतिक वजनही कमी झाले. शस्त्र की श्वास, हा प्रश्न तेथे कोणालाही रात्रभर छळत नाही.

हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगता आले असते, कारण तो हरला होता आणि आपण का हरलो याचा विचार करत होता. समीक्षेचा आरंभ याहून वेगळा असतो, असे मला वाटत नाही. पदव्युत्तर वर्गांत आपण सिद्धान्त आधी शिकवतो आणि कलाकृती नंतर, तीही उदाहरणापुरती. या शिस्तीत वाढलेला विद्यार्थी शेवटी अनुभवाची लाज बाळगू लागतो. त्याला खाली बसवणाऱ्यांनी एकदा ती आखूड काठी हाती घ्यावी आणि माळावर जावे. शामन त्यांचीही वाट पाहत आहे, आणि त्याला संदर्भसूची दाखवून चालणार नाही.