करपा, मलम आणि रक्त पातळ करणारी गोळी



मावळात भाताची आवणी सुरू झाली, की माझ्या दवाखान्यात मलमाचा उग्र वास भरून राहतो. दिवसभर चिखलात वाकून धरलेल्या कमरा असोत, की लोणावळ्याच्या पावसाने आखडलेले गुडघे, घरोघरी उपाय एकच. या वासाचे मुख्य द्रव्य म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट. गंधपुरा या नावाने मिळणारे तेल जवळजवळ सारे याच द्रव्याचे असते. नवल असे, की वनस्पती हेच द्रव्य रोगाची वर्दी देण्यासाठी वापरतात.

खाचरातला करपा आपण पाहिला असेल. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे ठिपके पडतात. ढगाळ हवा, रिमझिम, पानावर टिकून राहिलेला ओलावा आणि त्यात युरियाचा हात सैल सुटलेला, की ही बुरशी फोफावते. भाताचे कोणते वाण करप्यापुढे टिकते, याची पारख लोणावळ्याच्या कृषी संशोधन केंद्रात होत आली आहे, ती याच हवेमुळे.

वनस्पतीजवळ ना रक्त, ना पांढऱ्या पेशी. बुरशीच्या कवचाचे सूक्ष्म तुकडे जाणवताच प्रतिकारक्षम वाणात त्या जागेभोवतीच्या काही पेशी स्वतःहून मरतात आणि बुरशीची रसद तुटते. दूरच्या पानांना सावध करण्याचे काम सॅलिसिलिक आम्लाच्या आधाराने होते. १९७९ मध्ये इंग्लंडमधील संशोधक आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत चक्क अ‍ॅस्पिरिन टोचले, तेव्हा विषाणूचे डाग कमी पडले. पुढे १९९७ मध्ये दिसून आले, की रोगट तंबाखूतून मिथाइल सॅलिसिलेट वाफरूपाने निघते आणि शेजारचे झाडही सज्ज होते. भाताच्या तर निरोगी पानांतही या आम्लाचा साठा मोठा असतो.

अ‍ॅस्पिरिन हे याच आम्लाचे भावंड. पण झाडाला मानवले ते आपल्याला मानवेलच, असे नाही. शेजारी घेतात म्हणून ‘रक्त पातळ करणारी गोळी’ स्वतःच सुरू केलेले एक आजोबा काळी शौच होऊ लागल्यावर माझ्याकडे आले. जठरातून रक्तस्राव होत होता. एका गोळीचा परिणाम प्लेटलेटवर ७ ते १० दिवस टिकतो. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवरील ‘अ‍ॅस्प्री’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेऊन त्यांचे धडधाकट आयुष्य वाढले नाही. गंभीर रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला.

याचा उलटा अर्थ मात्र कृपया घेऊ नका. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, स्टेंट बसवला असेल आणि डॉक्टरांनी ही गोळी दिली असेल, तर ती स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. पावसाळ्यात ताप आला, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अंगदुखीसाठी नव्याने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. रोजचीच गोळी चालू असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

मलमाचेही तसेच. ते त्वचेतून रक्तात उतरते. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ते भरपूर चोळल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. मलम लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. त्वचा भाजते आणि औषधही अधिक शोषले जाते. गंधपुऱ्याची बाटली तर नातवंडांच्या हाती लागताच कामा नये. चहाच्या एका चमचाभर शुद्ध तेलात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या वीस गोळ्यांइतके. मुलाने ते गिळले, तर उलटी करवत बसू नका. बाटलीसह थेट रुग्णालय गाठा.

आणि पुढच्या वेळी तपासणीला येताना गोळ्यांच्या पिशवीत मलमाची डबीही टाका. ती दाखवायची असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते.